मशीनमध्ये राहिलेलं नाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लातूरच्या मावशींचे सांगतो. आईवडिलांच्याही आधी. घरी हे माहीत आहे आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. "म्या जल्म दिला, पर शिकायला त्या बाईनं ठिवलं," असं आईच शेजारणींना सांगते.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. लातूरला क्लासेसच्या गल्लीमागं त्यांची खानावळ होती. जळकोटला दहावी करून मी अकरावीला लातूरला आलो, तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं. कुठं राहायचं, कोणत्या क्लासला बसायचं, हे सांगणारंही कुणी नव्हतं. बारावीच्या परीक्षेआधी मला कावीळ झाली. खोलीवरची पोरं घाबरून दुसरीकडं झोपायला गेली. मावशींनी मला खानावळीत आणून झोपवलं, भाताची पेज आणि उसाचा रस देऊन उभं केलं, आणि पेपरच्या दिवशी रिक्षात शेजारी बसून केंद्रावर नेलं. तिथल्या शिपायानं विचारलं, "तुम्ही कोण याच्या?" त्या म्हणाल्या, "मावशी." तोपर्यंत मी त्यांना बाई म्हणत होतो.

त्यांची एक सवय खानावळीतल्या सगळ्या पोरांना ठाऊक होती. कुठल्याही छपराखाली शिरताना त्या उंबऱ्याबाहेर थांबायच्या आणि हळू आवाजात विचारायच्या, "येऊ का आत?" आत कुणी असो वा नसो. स्वतःच्या खानावळीचं कुलूप काढल्यावरसुद्धा. कान देऊन ऐकल्यासारखं करायच्या आणि मगच पाऊल टाकायच्या. नवी पोरं हसायची. मीही हसलो होतो. मग एकदा भाजी निवडताना त्यांनी सांगितलं. त्या औशाकडच्या, भूकंपात पडलेल्या एका गावच्या. त्या पहाटे त्या आणि त्यांचा मुलगा अंगणात झोपले होते, आणि मालक आत. नवऱ्याला त्या मालक म्हणायच्या.

"घर आपलं म्हनून आपन कवाबी आत जातो, भायेर येतो. घराला कंदी इचारतो का? त्या दिशी घरानं दाखवलं, खरा मालक कोन हाय ते."

मालक मेले असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. गावात इतकी माणसं गेली होती की ओळख पटवत बसायला वेळ नव्हता. जवानांनी ढिगाऱ्यातून काढलेल्यांना एकत्रच अग्नी दिला. मावशी तेव्हा पोराचा हात धरून गावाच्या दुसऱ्या टोकाला मालकांना शोधत होत्या. परत आल्या तर जाळ झाला होता. "सापडले न्हाईत," एवढंच त्या म्हणायच्या.

तो मुलगा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. आमच्या क्लासमधला कॉम्प्युटर तो बघायचा. लातूरला तेव्हा क्लासचा असा जोर होता की सकाळी आमच्या गल्लीत सायकलींमुळं पाय ठेवायला जागा नसायची. दर रविवारी परीक्षा आणि मंगळवारी बोर्डावर निकाल. एवढ्या मुलांचे मार्क हातानं लावणं शक्य नव्हतं. दादानं कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर आलेल्या फुकट सीडीवरून सिस्टीम टाकली, तिच्यावर डेटाबेस बसवला, आणि मार्क भरले की क्रमानं निकाल छापून देणारा प्रोग्रॅम लिहिला. सगळं त्या एका मशीनवर. बाहेर कुठंही ती जोडलेली नव्हती. दुपारी मी त्याच्यामागं स्टूल टाकून बसायचो. कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची इथपासून त्यानं मला शिकवलं. पुढं नांदेडला बी.एस्सी.ला मी कॉम्प्युटर घेतला तो त्याच्यामुळं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना दादा हैदराबादला काम बघून येतो म्हणून दुपारच्या एस.टी.नं गेला आणि परत आला नाही. चौकीत सांगून झालं, माणसं हैदराबादला जाऊन आली. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, कुणाशी काही नव्हतं. नुसता आला नाही. "गेला" म्हटलेलं मावशींना चालत नसे. "आला न्हाई अजून," असं त्या दुरुस्त करायच्या.

डिग्री घेऊन मी आधी मावशींच्या पाया पडायला गेलो, मग गावी. मावशींनीच क्लास चालवणाऱ्या सरांना गाठून सांगितलं की हा पोरगा शिकून आलाय, याला घ्या. असा मी दादाच्या खुर्चीवर बसलो.

खानावळीची अवस्था तोवर वाईट झाली होती. मागच्या भिंतीला भूकंपापासूनच एक भेग होती. जेवायला येणाऱ्या एका इंजिनिअरनं त्या भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून दिली होती. काच तडकली की समजायचं भिंत हलली, आणि मग एक दिवसही तिथं झोपायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं. मावशींची झोपायची जागा नेमकी त्या भिंतीखाली. मुखेडला त्यांची बहीण होती. ती दर महिन्याला निरोप पाठवायची की माझ्याकडं ये, आता कुणासाठी थांबलीस. मावशींचं उत्तर ठरलेलं. "पोरगं आलं तर हितंच येईल. त्याला मुखेडचं घर ठावं न्हाई."

पण त्या वर्षी त्या थकल्या. पोरं नव्या मेसकडं वळली होती, गुडघे धरत होते. एका सकाळी मला म्हणाल्या, "फुडल्या शुक्रवारी बहिनीचा पोरगा टेम्पो घिऊन येतोय. जावं म्हनते." मला हायसं वाटलं. खानावळीत गेलो की मी आधी ती काच बघायचो.

त्याच सुमारास सरांनी मला बोलावलं. सर माणूस वाईट नव्हते, पण दुसऱ्या क्लासवाल्यांची त्यांना फार धास्ती.

"त्याचं नाव अजून मशीनमध्ये आहे म्हणे?"

"दादाचं अकाउंट आहे, सर."

"ते काढ. उद्या कुठं दुसऱ्या क्लासात बसलेला असंल आन हितलं सगळं बघत असंल."

"सर, ही मशीन बाहेर जोडलेलीच नाही."

"तू शिकलेला आहेस, मी गणिताचा मास्तर आहे. तरी मला कळतं, जो येत नाही त्याची चावी आपल्या घरात ठेवू नये. काढ."

मी काढलं. एका ओळीची आज्ञा असते. मशीननं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, पुढची ओळ आली. फाइली मात्र मी तशाच राहू दिल्या, फक्त अकाउंट काढलं.

दुपारची वेळ होती. मुलं जेवायला गेलेली, रिकाम्या बाकांवर ऊन पडलेलं. मशीनवर आत्ता काय काय चालू आहे याची यादी मी सहज काढली. प्रत्येक कामापुढं ते चालवणाऱ्याचं नाव येतं. डेटाबेस चालूच होता. पण त्याच्यापुढं नाव नव्हतं. दादाचं नाव जिथं असायचं तिथं नुसता एक आकडा होता. म्हणजे नाव पुसलं तरी चालवणारा थांबला नव्हता. मी पंख्याचा आवाज ऐकत बसलो. मग स्क्रीन बंद करून बाहेर चहा प्यायला गेलो.

काही दिवस तो तसाच, बिननावाचा चालला. निकालही निघाला. मग पुढच्या मंगळवारी, ऐन निकालाच्या दिवशी, भारनियमनाची वेळ बदलली, बॅटरीनं कुईकुई केलं आणि मशीन बंद पडली. वीज आल्यावर मशीन उठली, डेटाबेस उठला नाही.

कारण कळायला मला वेळ लागला नाही, इलाज सापडायला लागला. दादानं हे सगळं घाईत, स्वतःच्या अकाउंटवर बसवलं होतं. मशीन सुरू होताना डेटाबेस दादाच्या नावानं उठायचा. आता त्या नावाचं कुणी नव्हतं. मी ऑफिसच्या अकाउंटनं चालवून पाहिला. परवानगी नाही. सगळ्यात मोठ्या, सगळे अधिकार असलेल्या अकाउंटनं चालवला, तर डेटाबेस म्हणाला की या नावानं मी चालणार नाही. मग मी अडाणीपणा केला. सगळ्या फाइली सगळ्यांना मोकळ्या करून टाकल्या. त्यावर संदेश आला की ही फाइल कुणालाही लिहिता येते म्हणून मी ती वाचणार नाही. बरोबरच होतं त्याचं. दार सताड उघडं टाकलेल्या घरात शहाणं माणूस शिरत नाही. मी सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं.

सर दारात येऊन उभे राहिले. "काय म्हणतो तुमचा डेटाबेस?"

"परमिशनचा घोळ आहे, सर."

"आपल्याच मशीनमध्ये, आपल्याच मार्कांना, परमिशन कुणाची लागती?"

 खरं उत्तर होतं, दादाची.

फाइलींची यादी काढली की प्रत्येक ओळीत मालकाच्या जागी तोच आकडा दिसायचा. पडदाभर एकाखाली एक. मालक बदलायची आज्ञा मला माहीत होती. पण मालक करायचं कुणाला? माझं स्वतःचं अकाउंट अजून नव्हतं, मी ऑफिसच्याच नावानं काम करायचो. म्हणून आधी माझं अकाउंट उघडलं. आता एकेक फोल्डर माझ्या नावावर करायचं, म्हणून पुन्हा यादी काढली.

सगळं आधीच माझ्या नावावर होतं.

मी अजून काहीच केलं नव्हतं. पण त्या आकड्याच्या जागी, प्रत्येक ओळीत, माझं नाव. दादानं लिहिलेला प्रोग्रॅम माझा. त्यानं भरलेले मार्क माझे. शेजारी तारखा होत्या, मी नांदेडला वर्गात बसून लेक्चर ऐकत होतो त्या दिवसांच्या. त्या दुपारी मी लातूरला या खुर्चीत बसून हे लिहिलं, असं मशीन शांतपणे सांगत होती. मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. ते माझेच आहेत ना, अशा नजरेनं पाहिले.

उलगडा नंतर पुस्तक चाळल्यावर झाला. मशीनला नावं कळत नाहीत. ती प्रत्येकाला एक नंबर देते आणि नंबरालाच ओळखते; नाव फक्त आपल्या सोयीसाठी. दादाचं नाव काढलं तेव्हा त्याचा नंबर मोकळा झाला. त्यानंतर आलेला पहिला माणूस मी. मोकळा झालेला नंबर तिनं मला दिला, आणि नंबराबरोबर त्याचं सगळं. उलगडा झाला तरी त्या दुपारचा अंगावरचा काटा कमी झाला नाही. आजही लिहिताना तो येतो.

डेटाबेस सुरू करणाऱ्या ओळीत दादाच्या जागी माझं नाव घातलं आणि तो उठला. निकालाचा प्रोग्रॅम मी पहिल्यांदा माझ्या हातानं चालवला. आजवर तो ठरल्या वेळी आपोआप, काही न विचारता चालायचा. पडदा काळा झाला आणि इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली: येऊ का आत? पुढं कर्सर लुकलुकत होता. दादानं ती गंमत म्हणून घातली असणार, आईची थट्टा म्हणून. कोणतंही बटण दाबलं तरी पुढं जात असणार. मी बराच वेळ दाबलं नाही. मग 'हो' असं टाइप केलं आणि प्रिंटर सुरू झाला.

नेहमी निकालाचे कागद शिपाईमामा बोर्डावर लावायचे. त्या आठवड्यात ते लग्नाला कंधारला गेले होते, म्हणून मीच लावले. कागदाच्या तळाशी एक बारीक ओळ असायची, निकाल कुणी काढला त्याचं नाव आणि वेळ. दादा गेल्यापासून सरांच्या सांगण्यावरून शिपाईमामा ती कात्रीनं कापून मग कागद लावायचे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मार्कांच्या नादात मी तळाशी पाहिलंही नाही. ती ओळ डेटाबेसच्या आतल्या नावावरून येत होती. डेटाबेसला आपली वेगळी माणसं असतात, त्यांचा मशीनच्या अकाउंटशी संबंध नसतो. बाहेरून मी दादाला काढलं होतं. आत तो होताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नीट चालतोय ना ते बघायला, मी पुन्हा प्रोग्रॅम लावला होता. पडद्यावर ती ओळ आली, आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "येऊ का आत?"

मी ताडकन उठलो. दारात मावशी होत्या. त्या क्लासमध्ये कधी यायच्या नाहीत.

"या, मावशी."

"पोरं जेवताना म्हनत व्हती, बोर्डावर त्याचं नाव आलंय. मी बगून आले. त्याचंच हाय. कालची दुपार लिवलीया." त्या चौथी शिकलेल्या होत्या, वाचायच्या. "काल हितं आल्ता का त्यो?"

"नाही, मावशी. निकाल मी काढला."

"मग नाव त्याचं कसं?"

"त्याचं नाव बाहेरून काढलं मी. आतमध्ये राहिलं."

"म्हंजी आत हाय म्हन की."

"नाव आहे."

"तेच म्हनले मी."

मी अजून काही सांगायला लागलो. डेटाबेस, युजर, असले शब्द वापरले. त्यांनी मान हलवत ऐकलं, पण त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. जाताना हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी टेम्पो मुखेडहून आला आणि रिकामा परत गेला. बहिणीचा मुलगा चिडून क्लासवर आला. "काय सांगितलं हो तुमी मावशीला? म्हनती पोराचा पत्ता लागलाय. सामान बांधलेलं सोडलं तिनं."

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी, जमिनीतून आवाज आला. आमच्या भागात ते आवाज अधूनमधून यायचेच. ढग गडगडावा तसे, पण खालून. बाकं थोडी थरथरली, मुलं नेहमीसारखी पळत मैदानात गेली आणि नेहमीसारखी हसत परत आली. मी खानावळीकडं गेलो. मावशी चुलीपाशी होत्या. मी मागच्या भिंतीजवळ गेलो. काचेची पट्टी मधोमध तडकली होती. खाली त्यांची वळकटी.

"मावशी, काच गेली."

"बगितली मी."

"मग?"

"मग काय? त्यो यायलाय तर मी कुटं जाऊ? घर सोडून गेले अन् त्यो आला तर?"

त्यांना माझ्या अर्धवट बोलण्यानं थांबवलं होतं. भिंत पडली असती तर ती माझ्या शब्दांमुळं त्यांच्यावर पडली असती. मी म्हणालो, "आत्ता माझ्याबरोबर क्लासवर चला. मग म्हणाल तसं करू."

"चूल पेटलीया."

"विझवा."

मी त्यांच्याशी असं कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चुलीतली लाकडं ओढली.

क्लासच्या खोलीत मी त्यांना माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं. दार लावून घेतलं. "मावशी, या खोलीत आत्ता कोण कोण आहे?"

"तू अन् मी. का रं?"

"नीट बघा."

त्यांनी टेबलाखालीसुद्धा पाहिलं. "कोन न्हाई."

मी प्रोग्रॅम चालवला. प्रिंटर खरखरला, कागद हळूहळू बाहेर आला. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळाची ओळ बोट ठेवून वाचली. पोराचं नाव. मग वेळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं. मग हळूच मान वळवून आपल्या खुर्चीच्या मागं पाहिलं. तिथं मी शिकायला बसायचो ते स्टूल होतं, रिकामं. आम्ही दोघंही काही वेळ त्या स्टुलाकडं बघत राहिलो. खरं सांगतो, मलाही खात्री वाटत नव्हती.

"आता हितं नव्हता त्यो," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"तरी लिवलं."

"हो. मी नसलो तरी लिहील, सर बसले तरी लिहील."

"तुजं नाव कुटं हाय मग?"

मी फाइलींची यादी दाखवली. "हे बघा, फाइलीचा मालक कोण ते इथं येतं."

"हिच्यातबी मालक असतो व्हय?"

"असतो. ही सगळी दादाची कामं. मी नांदेडला होतो तेव्हाची. आणि मालक म्हणून माझं नाव आहे."

"तू घेतलीस व्हय रं?"

"मी मागितलं नाही. मशीनला नाव कळत नाही, मावशी, नंबर कळतो. दादाचं नाव काढलं, नंबर मोकळा पडला. मी आलो तर तोच मला दिला. आता ती मला दादा समजते."

 मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मग त्या, पडद्याकडं बघतच, बोलायला लागल्या.

"आमचं नवं गाव बसवलं तवा घरास्नी नंबर घातले. आमाला मिळालेलं घर सोडून मी हितं आले. त्या नंबरात दुसरे लोक आले ऱ्हायला, पर यादीत त्या नंबरापुढं नाव आमच्या मालकांचंच ऱ्हायलं. एकदा मी गेल्ते. बगते तर गावातलं मानूस त्या घरापुढं हुबं ऱ्हाऊन मालकांचं नाव घिऊन हाक मारायलंय. अन् आतून त्यो दुसरा मानूस 'ओ' म्हनून आला भायेर. त्याची बायकू दारात हुबी. तिला माज्या नावानं बोलवत व्हते सारे. तीबी ओ देत व्हती."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार? तिच्या हातचं पानी पिले. म्हनली, कुनाकडच्या तुमी? म्या म्हनलं, हितलीच."

बाहेर मुलं वर्गाला यायला लागली होती. मावशींनी कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवली. बरोबर घेतला नाही.

"त्यो हितं न्हाई," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सर म्हनत असतील, आतलंबी नाव काढ."

"म्हणालेत."

"काढशील तवा आदी मला इचार. काढू नको म्हनत न्हाई मी. पर इचार. मालकांच्या टायमाला मला कुनी इचारलं न्हाई. मी फिरून आले, तर झालं व्हतं सगळं."

मी कबूल केलं.

दोन दिवसांनी टेम्पो पुन्हा आला. मी सामान चढवू लागलो. मावशींनी खानावळीला कुलूप घातलं, किल्ली जागेच्या मालकाकडं पाठवली आणि पुढच्या सीटवर बसल्या. त्यांच्या भाच्यानं टेम्पो सुरू केल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की दुपारचं जेवण टाळत जाऊ नको. 

पावसाळ्यात ती मागची भिंत बसली. आतल्या बाजूनं, त्यांच्या झोपायच्या जागेवर. मी बघायला गेलो. दगडमातीचा ढीग गुडघाभर होता आणि त्याच्यावर ऊन पडलं होतं. मी थोडा वेळ उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, आणि आत न जाता परत आलो.

सरांना मी सांगितलं होतं की आतलं नाव काढायला वेळ लागेल, तोवर शिपाईमामा कात्री चालवतील. सर म्हणाले, "नाव काढायला वेळ लागतो ही नवीनच विद्या," पण त्यांनी आग्रह धरला नाही. पुढं मला नांदेडच्या एका कॉलेजात लॅबचं काम मिळालं. सरांनीही नव्या मशीनी घ्यायचं ठरवलं. जुनी पुसून विकायची होती. लातूर सोडण्याआधीच्या आठवड्यात मी मुखेडला हे पत्र पाठवलं.

मावशींना नमस्कार.

मला नांदेडला नोकरी लागली. कॉलेजात आहे, कायमची होईल असं म्हणतात. पगार झाला की आधी मुखेडला येऊन तुम्हाला भेटेन, मग जळकोटला जाईन. आईला तसं सांगून ठेवलं आहे.

क्लासमध्ये नव्या मशीनी येणार आहेत. सगळ्या मुलांचे मार्क मी नव्या मशीनवर नेले. डेटाबेस या वेळी कुणा माणसाच्या नावावर बसवला नाही. त्याचं स्वतःचं वेगळं अकाउंट केलं आहे, त्यात कुणी येत नाही आणि कुणी जात नाही. माझं नावही तिथं नाही. माझ्यानंतर येणाऱ्याला माझा नंबर मिळू नये याची काळजी घेतली आहे.

जुन्या मशीनमध्ये दादाचं नाव अजून आहे. ती मशीन विकण्याआधी पुसावी लागेल. त्यात त्याचा प्रोग्रॅम, त्याच्या फाइली आणि ते नाव, सगळं जाईल. मी तुम्हाला विचारतो आहे, पुसू का?

प्रोग्रॅमची एक प्रत मी सीडीवर घेतली आहे. तो चांगला लिहिलेला आहे, मी मुलांना शिकवताना दाखवीन. कुणाचा म्हणून विचारलं तर दादाचा म्हणून सांगेन.

खानावळीची जागा एका झेरॉक्सवाल्यानं घेतली आहे, भिंत नवीन विटांची बांधली. त्याला, शिपाईमामांना आणि स्टँडवरच्या चौकशी खिडकीवरच्या बाबूंना तुमच्या बहिणीचा मुखेडचा पत्ता कागदावर लिहून दिला आहे. दादा आला तर लातूरमध्ये कुठंही विचारलं तरी तो मुखेडला पोचेल. तुम्ही तिथं आहात हे त्याला कळायला अडचण पडणार नाही. त्यासाठी तुम्हाला मागं यायची गरज नाही.

सरांना मी सांगितलं आहे की तुमचं उत्तर आल्याशिवाय मशीन जाणार नाही. ते थांबायला तयार आहेत. पूस म्हणालात तरी चालेल, नको म्हणालात तर ती मशीन मी विकत घेऊन नांदेडला नेईन आणि बंद करून ठेवीन. फक्त भाच्याकडून निरोप पाठवू नका. तुम्ही स्वतः लिहा. अक्षर कसंही आलं तरी मला वाचता येईल.